ऑप्शनला टाकलेलं परत येतं!

सेमिस्टर संपलं की विषय संपला, असं आपण धरूनच चालतो. पण काही परीक्षा अख्ख्या कोर्सचा हिशेब मागतात. कर्जत-खोपोलीच्या वाटेवर भेटलेल्या अशाच काही परीक्षार्थींची ही गोष्ट. आणि थोडी आपलीही.

खरं सांगा हं. मोबाइल बाजूला ठेवा, वही उघडू नका आणि मागच्या सेमिस्टरमधल्या कुठल्याही एका विषयाच्या सगळ्या युनिटची नावं आठवून बघा. फक्त नावं.

जमलं? मग हा लेख सोडून दिलात तरी चालेल. नाही जमलं? मग या, बसा. आपण एकाच बाकावरचे.

मी मास कम्युनिकेशनची पदवी घेतली. सहा सेमिस्टर, एकही केटी नाही. इंटर्नशिपच्या दुसऱ्याच आठवड्यात ऑफिसातल्या सरांनी सहज विचारलं, "माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर किती दिवसांत उत्तर द्यावं लागतं गं?" हा प्रश्न मला पेपरात आला होता. मी तो लिहिला होता, मार्कही बरे पडले होते. पण त्या क्षणी मला एवढंच आठवत होतं, की त्या विषयाची वही निळ्या कव्हरची होती.

उत्तर आहे ३० दिवस. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. सर ओरडले नाहीत. "बघून सांग," एवढंच म्हणाले. पण घरी जाताना मला सारखं वाटत होतं, की मार्कशीटवरचे ते मार्क नक्की कशाचे होते? मला येत होतं त्याचे, की मला त्या दिवशी दुपारी येत होतं त्याचे?

पेपर झाला, विषय संपला

आपल्याकडे एक शब्द आहे, जो कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही, तरी प्रत्येकाला येतो. 'ऑप्शनला टाकणं.' पेपरात 'कोणतेही दोन सोडवा' असतं, म्हणून एक अख्खं युनिट आपण वाचतच नाही. सीनियर सांगतात, "हे येत नाही, टाक ऑप्शनला." मग आयएमपी प्रश्नांची यादी येते, झेरॉक्सवाल्याकडे रांग लागते, आदल्या रात्री रट्टा मारला जातो. पेपर होतो. आणि कॉलेजच्या गेटबाहेर पाऊल पडेपर्यंत डोक्यातली पाटी पुसलेली असते. पुढच्या पेपरसाठी जागा करायची असते ना!

यात सगळी चूक आपलीच आहे असं नाही. पूर्वी पदवीला वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा असायची. माझी आत्या सांगते, की त्या वेळी मार्च-एप्रिलमध्ये घरातल्यांनाही ताप यायचा. एक दिवस आजारी पडलं की वर्ष गेलं. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून पदवीला क्रेडिट आणि सेमिस्टरची पद्धत सुरू केली, तेव्हा त्यामागचा विचार चांगलाच होता. अभ्यास वर्षभर वाटला जावा, एकाच पेपरावर सगळं ठरू नये. ओझं हलकं झालं, हे खरंय. पण त्याबरोबर एक सवयही लागली. चार महिने, चार युनिट, एक पेपर, आणि टाटा-बायबाय.

आता तर आपली क्रेडिट्स जमा करायला ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. क्रेडिट बँकेत सुरक्षित आहेत. ज्या ज्ञानासाठी ती मिळाली, ते कुठल्या खात्यात आहे, हे मात्र ज्याचं त्याने बघायचं.

आणि मग अचानक समोर उभी राहते ती परीक्षा. जिला एक युनिट, एक सेमिस्टर, एक वर्ष असं काही माहीतच नाही. जी म्हणते, तुम्ही या कोर्सला आलात त्या पहिल्या दिवसापासून जे शिकलात, ते सगळं काढा.

केळवली ते खोपोली

ती मला खोपोली लोकलमध्ये भेटली. कर्जतहून सुटलेली ही गाडी पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोलीला पोचते. अंतर थोडंच आहे, पण एक गाडी चुकली की पुढचीसाठी चांगलंच ताटकळावं लागतं, हे इथल्या पोरांना सांगायला नको. तिच्या मांडीवर एक जाडजूड वही होती. पानं सुटू नयेत म्हणून वरून रबर लावलेला. मी डोकावले. तिने हसून वही माझ्याकडे वळवली. "बघ, तुला काही कळतंय का!"

ती कशेळे भागातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावी सायन्स, मग डी. फार्म. दोन वर्षं झाली, दोन्ही वर्षं पास. मेडिकलमध्ये ट्रेनिंग झालं. घरात ही पहिलीच इतकं शिकलेली. गावाजवळ स्वतःचं मेडिकल टाकायचं स्वप्न आहे. "आता सुटलीस की मग!" असं मी म्हणाले, तर तिने वहीवर टिचकी मारली. "सुटले कसली? एक्झिट आहे ना अजून."

एक्झिट म्हणजे डी. फार्मची एक्झिट एक्झाम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भारतीय औषधनिर्माण परिषदेने, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने, फेब्रुवारी २०२२ मध्ये या परीक्षेचे नियम काढले. नियमानुसार डी. फार्म पास झालं तरी फार्मासिस्ट म्हणून नोंदणी हवी असेल, तर ही देशपातळीवरची परीक्षा द्यायची. तीन पेपर, सगळे बहुपर्यायी प्रश्न. प्रत्येक पेपरात किमान ५० टक्के, आणि तेही एकाच प्रयत्नात तिन्ही पेपरांत. एका पेपरात घसरलं की तिन्ही पुन्हा. कितीदा द्यायची याला मर्यादा नाही. पहिली परीक्षा झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये.

नोंदणी नसेल तर काय होतं? १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध देण्याचं काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टचं. म्हणजे हिच्या हातात डिप्लोमा असेल, पण काउंटरमागे ती स्वतःच्या नावाने उभी राहू शकणार नाही. मेडिकल टाकणं तर लांबच.

"दोन वर्षांचे मिळून अकरा विषय," ती बोटं मोडत म्हणाली. "सेकंड इयरचं ठीक आहे, आत्ताच झालंय. पण फर्स्ट इयरची केमिस्ट्री? फार्माकॉग्नोसी? अगं, मी ती पुस्तकं ज्युनिअरला देऊन टाकली होती. परत मागायला गेले. लाज वाटली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि केमिस्ट्रीतला एक भाग मी ऑप्शनला टाकला होता. आता तोच आलाय मानगुटीवर."

एक गोळी, दोन वर्षं

मी तिला विचारलं, की खरंच गरज आहे का या परीक्षेची? प्रत्येक विषयाचा पेपर तर तू दिलेलाच आहेस. मला वाटलं, ती चिडून 'नाही' म्हणेल. ती जरा थांबली. मग तिने मला मेडिकलमधल्या ट्रेनिंगच्या दिवसांतला एक प्रसंग सांगितला.

पावसाळा होता. भातलावणीचे दिवस. आपल्याकडे या दिवसांत चिखलात उभं राहून काम करणाऱ्यांना लेप्टोची भीती असते, तुम्हाला माहीतच आहे. एक बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीत डॉक्सिसायक्लिन होतं. औषध देऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाय, माझ्या रक्तवाढीच्या गोळ्या पण चालू आहेत गं. सगळ्या एकदमच घेऊ ना जेवणानंतर?"

"मी हो म्हणणार होते," ती म्हणाली. "तेवढ्यात आतून सर म्हणाले, थांब."

रक्तवाढीची गोळी म्हणजे लोह. लोह आणि डॉक्सिसायक्लिन पोटात एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात आणि औषध रक्तात नीट उतरत नाही. म्हणजे ताप ज्यावर अवलंबून आहे ती गोळी अर्धी वाया. दोन गोळ्यांमध्ये काही तासांचं अंतर ठेवायचं असतं. दुकानातल्या सरांनी त्या बाईंना ते नीट समजावलं, पाकिटावर पेनाने सकाळ-संध्याकाळ लिहूनही दिलं.

"आता बघ," ती मला म्हणाली, "धातू आणि औषध एकमेकांना का धरतात, ते फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत. डॉक्सिसायक्लिन काय काम करतं, ते सेकंड इयरच्या फार्माकॉलॉजीत. पेशंटशी कसं बोलायचं, ते कम्युनिटी फार्मसीत. मला तिन्ही विषयांत मार्क होते. पण ती बाई काही विषयवार आली नव्हती ना! ती आख्खी आली होती."

गाडी लौजीला थांबली होती. मी वहीत ते शेवटचं वाक्य लिहून घेतलं. सगळ्या कोर्सची परीक्षा का असावी, यावर मी नंतर बरंच वाचलं. याहून सोपं उत्तर मला कुठे मिळालं नाही.

ही भानगड नवी नाही

तुम्हाला वाटेल, हे एक्झिट-बिक्झिट आत्ताचं खूळ आहे. तसं नाहीये. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि त्याचे पहिले चार बी.ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पदवी त्या काळी परीक्षेच्या जोरावरच मिळायची. असाइनमेंट, इंटर्नल, प्रेझेंटेशन यांचे मार्क पदरात पाडून घ्यायची सोय नव्हती. या वाचनापायी रानड्यांनी डोळ्यांचं दुखणं ओढवून घेतलं, हेही त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. म्हणजे अभ्यासाचा ताण हा काही आपल्या पिढीने लावलेला शोध नाही.

ऑक्सफर्डमध्ये तर अनेक कोर्सेसना आजही पदवीचा दर्जा मुख्यतः शेवटच्या 'फायनल्स'वर ठरतो. तिथली मुलं काळा-पांढरा औपचारिक पोशाख घालून पेपरला जातात. छातीवर कार्नेशनचं फूल लावतात. पहिल्या पेपरला पांढरं, मधल्या पेपरांना गुलाबी आणि शेवटच्याला लाल. आपल्याकडे दही-साखर, त्यांच्याकडे फूल. भीती तीच.

आणि आपल्या आजूबाजूला बघितलंत तर अशा परीक्षा वाढतच चालल्यात. इंजिनीअरिंगवाल्यांची गेट घ्या. तीन तास, ६५ प्रश्न, १०० मार्क, आणि सिलॅबस म्हणजे इंजिनीअरिंगच्या मॅथ्ससकट सगळी डिग्री. कर्जतला इंजिनीअरिंग करणारा माझा एक मित्र म्हणतो, "गेटचा अभ्यास म्हणजे आपल्याच डिग्रीला पुन्हा ॲडमिशन घेणं." वकिली करायची तर एलएल.बी. नंतर ऑल इंडिया बार एक्झाम द्यावी लागते. तिथे कायद्याची मूळ पुस्तकं सोबत नेता येतात, पण त्यात नोट्स लिहिलेल्या चालत नाहीत. म्हणजे पाठांतर नको, पण काय कुठे आहे आणि ते कशाला लागू होतं, हे यायला हवं. अशी परीक्षा घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मान्य केला. एमबीबीएससाठीही २०१९ च्या कायद्यात 'नेक्स्ट' नावाच्या एक्झिट परीक्षेची तरतूद आहे.

आणि एमपीएससी? तिच्याबद्दल तर आपल्याकडे प्रत्येक घरात एक तरी दादा नाही तर ताई बोलू शकते.

अभ्यासिकेतला दादा

खोपोलीत एका अभ्यासिकेत असा एक दादा भेटला. दिवसा पाताळगंगा भागातल्या कंपनीत शिफ्ट, नंतर अभ्यासिका. राज्यसेवेची तयारी करतोय. मुख्य परीक्षा बहुपर्यायीऐवजी वर्णनात्मक करायचं आयोगाने ठरवलं, त्यावरून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मोठं आंदोलन झालं आणि नवी पद्धत २०२५ पासून लागू करायचं ठरलं, हे तुम्ही वाचलं असेल. नव्या पद्धतीत नऊ पेपर आहेत. त्यातले सात गुणवत्तेला धरले जातात. लेखी १७५० आणि मुलाखत २७५, मिळून २०२५ मार्क.

"आधी पर्याय बघून आठवायचं," दादा म्हणाला. "आता कोऱ्या कागदावर स्वतः आठवायचं. इतिहासाच्या प्रश्नाला अर्थशास्त्र लागतं, शेतीच्या प्रश्नाला भूगोल. कॉलेजात मी हे सगळं शिकलोय गं. पण तुकडे तुकडे करून."

मी म्हटलं, मग आता करतोस काय? त्याने खिडकीतून डोंगराकडे बोट दाखवलं. खंडाळ्याच्या घाटावरून खाली उतरणारे वीजघराचे मोठाले पाइप खोपोलीकरांना रोजचेच. टाटांचं हे वीजघर १९१५ पासून इथे आहे. "वरच्या धरणांत पाणी चार महिने साठतं आणि वीज वर्षभर मिळते," दादा म्हणाला. "आपण उलटं करतो. आठ महिने नळ उघडा ठेवतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री टँकर मागवतो."

पण हे सगळ्यांना सारखं आहे का?

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल, की मी अशा परीक्षांची जाहिरात करतेय. थांबा. दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या भागातल्या मुलामुलींना जास्त लागते.

त्या डी. फार्मवाल्या मैत्रिणीचंच बघा. एक्झिटचा पेपर इंग्रजीत. तिला उत्तर माहीत असतं, पण प्रश्न कळायला दोनदा वाचावा लागतो. कल्याण-पनवेलच्या क्लासला जायचं तर फी वेगळी, पास वेगळा आणि रोजचे तीन-चार तास गाडीत. पावसाळ्यात घाटात किंवा रुळांवर काही झालं की कर्जतचा माणूस कर्जतलाच. आमच्या वर्गातली किती तरी मुलं शनिवार-रविवार फार्महाऊस, रिसॉर्टवर कामाला जायची. त्यांना 'वर्षभर अभ्यास करायला काय झालं होतं?' असं विचारणं सोपं आहे. उत्तर ऐकायला वेळ लागतो.

आणि माझा खरा मुद्दा पुढेच आहे. तीन वर्षं आम्हाला विसरायची सवय लावायची आणि चौथ्या दिवशी म्हणायचं, 'आता सगळं आठवा', हे काही बरोबर नाही. सेमिस्टर तीनचे सर सेमिस्टर एकमधलं काहीच विचारत नसतील, एका विषयाचा दुसऱ्याशी संबंध कुणी जोडून दाखवत नसेल, 'एवढं येणार नाही, सोडून द्या' असं वर्गातच सांगितलं जात असेल, तर शेवटची परीक्षा कशाची झाली? शिकण्याची, की क्लास परवडण्याची?

म्हणून मला वाटतं, की सगळ्या कोर्सची परीक्षा घ्यायची असेल तर जरूर घ्या. त्या बाई आख्ख्याच येतात, हे मला पटलंय. पण मग त्या परीक्षेची तयारी पहिल्या सेमिस्टरपासून वर्गातच व्हायला हवी. प्रत्येक पेपरात एक तरी प्रश्न मागच्या सेमिस्टरला धरून असू दे. व्हायव्हामध्ये एक तरी प्रश्न दोन विषय जोडणारा असू दे. यासाठी नवी इमारत लागत नाही, जीआर लागत नाही. एक सर किंवा एक मॅडम मनावर घेतील तरी सुरुवात होईल. आणि विद्यार्थ्यांनी जाऊन हे मागितलं तर कुठले सर नाही म्हणतील? आपण कधी मागतच नाही, कारण आपल्यालाही आयएमपीची यादीच हवी असते.

वाचलं म्हणजे आलं?

आता थोडं आपल्या हातातलं. आपण परीक्षेआधी काय करतो? वाचतो. मग पुन्हा वाचतो. हायलायटरने पान पिवळंधमक करतो आणि 'झालं आपलं' म्हणून झोपतो.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्याच मुलांवर एक प्रयोग केला. एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं समोर न बघता, आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. ८३ टक्के विरुद्ध ७१. म्हणजे आदल्या रात्रीचा रट्टा का चालतो, ते कळलं ना? पण आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली तेव्हा चित्र उलटलं. नुसतं वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१.

म्हणजे परीक्षा ही फक्त मोजपट्टी नाही. आठवायचा प्रयत्न करणं हाच अभ्यास आहे. शेवटची मोठी परीक्षा सोपी करायची असेल, तर वाटेत छोट्या-छोट्या परीक्षा स्वतःच्या स्वतः घेत राहायच्या. मार्क नाहीत, निकाल नाही, कुणाला दाखवायची गरज नाही.

हे करून बघा

हे उपाय मी ज्यांच्याशी बोलले त्यांचेच आहेत. काही मी स्वतः सुरू केलेत, म्हणून सांगते.

• रविवारचा कोरा कागद. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं. एक विषय, एक कोरा कागद. आठवेल ते लिहा, मग वही उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. लाल रंग जिथे जास्त, अभ्यास तिथे. पहिल्या दोन रविवारी कागद लालभडक होईल. घाबरू नका.

• रद्दीत द्यायच्या आधी एक पान. सेमिस्टर संपलं की वह्या द्यायच्या असतील तर द्या. पण त्याआधी प्रत्येक विषयाचं एक पान करून ठेवा. कोर्स संपेल तेव्हा तीस-चाळीस पानांची फाइल तयार असेल. परत पुस्तक मागायला जायची वेळ येणार नाही.

• जोडून बघा. नवं काही शिकलात की स्वतःला विचारा, 'हे मागच्या सेमिस्टरमधल्या कशाशी जोडलेलं आहे?' उत्तर सुचलं नाही तर सरांना विचारा. हा प्रश्न विचारलेला त्यांना आवडेल.

• गाडीतला गुरू. स्टेशन ते स्टेशन एक मुद्दा सोबतच्या मित्राला मराठीत समजावून सांगा. मराठीत सांगता आला तर तो कळलाय. मग त्यातले चार इंग्रजी शब्द लिहून ठेवा. मराठी माध्यमातून आलेल्यांना पेपरात हीच वही कामाला येते.

• ऑप्शनची यादी. जे जे ऑप्शनला टाकलंत, त्याची एक प्रामाणिक यादी करा. सुट्टीत त्यातलं एक-एक उचला. कारण ते परत येणार आहेच.

शेवटचं स्टेशन

परवा ती डी. फार्मवाली मैत्रीण पुन्हा भेटली. कर्जतच्या फलाटावर, हातात वडापाव, काखेत तीच रबर लावलेली वही. वही आता अजून जाड झालीय. परीक्षा अजून व्हायची आहे. कशेळ्याजवळच्या गाळ्याचं भाडं विचारून ठेवलंय, असं म्हणाली. फक्त विचारून ठेवलंय.

मी तिला म्हटलं, चल, तुझी परीक्षा घेते. तिने वही माझ्या हातात दिली. पळसदरी येईपर्यंत मी पाच प्रश्न विचारले. तीन बरोबर आले. एक चुकला. एकाला ती म्हणाली, "थांब, सांगू नकोस, येतंय मला," आणि डोळे मिटून बसली. केळवली गेल्यावर तिला तो आला. अख्ख्या डब्याने वळून बघितलं, एवढ्या जोरात तिने उत्तर सांगितलं.

मग तिने वही बंद केली. "आता माझी पाळी. माहितीच्या अधिकाराचं उत्तर किती दिवसांत?"

"३० दिवस," मी म्हणाले. "जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तास."

यावेळी वहीचं कव्हर मला आठवलं नाही. पण उत्तर आलं.